मिस्टर कोलची जळजळ

९ जानेवारी, गुरुवार

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मला नोकरी लागली, आणि काम काय, तर आजारी असल्याचं सोंग करायचं. विद्यापीठात फार्मसीची मुलं शिकतात. उद्या ती औषधाच्या दुकानात उभी राहिली की लोक येऊन विचारणार, पोट बिघडलंय, काय घेऊ? डॉक्टरकडे न जाता आपलं आपणच औषध घेणाऱ्यांना सल्ला द्यायचा सराव या मुलांना हवा असतो. खरी आजारी माणसं तीच तक्रार तशीच्या तशी प्रत्येक मुलाला कशी सांगणार? म्हणून आम्ही तोतये.

जाहिरात स्टेफाने दाखवली. "घरात बसून मला भाव पुकारून दाखवतोस, त्यापेक्षा तिकडे जा," म्हणाली. जन्मभर मी गुरांच्या बाजारात लिलाव पुकारला. घसा अजून खणखणीत आहे, ऐकायला मात्र आता ती एकटीच उरली आहे. बायकोला त्रास होतो हे मी समजू शकतो.

शिकवायला फ्रीसन बाई आहेत. उंच, बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. प्रत्येक खोट्या रुग्णाचं एक कार्ड असतं. नाव, वय, तक्रार, चालू असलेली औषधं. ते पाठ करायचं. नियम एकच, विचारलं तेवढंच सांगायचं. मुलाने अर्धा प्रश्न विचारला तर अर्धंच उत्तर. आपणहून काही द्यायचं नाही, चेहऱ्यावरूनसुद्धा नाही. "आणि प्रश्न पुरा होऊ द्या," बाई म्हणाल्या. "घाई करू नका."

मला हे शिकवायला नको. बाजारात कोण किती चढणार हे मी टोपीच्या कडेला लागलेल्या बोटावरून ओळखायचो, आणि माझ्या मनात काय आहे याचा थांग कुणाला लागू द्यायचो नाही.

रोज घरी गेल्यावर चार ओळी लिहून काढा, असंही बाईंनी सांगितलंय. नाहीतर कार्डावरचा माणूस अंगात राहतो म्हणे. लिहून काढतो, माझं काय जातंय. बर्फ उपसताना आज धाप लागली आणि गुडघा ठणकला. दोन गोळ्या टाकल्या.

२१ जानेवारी, मंगळवार

पहिला दिवस. खोलीत दुकानासारखा काउंटर आहे, मागे फळीवर रिकामी खोकी. मी मिस्टर डॉयल होतो, सर्दी झालेला, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असलेला. ब्लडप्रेशरचं विचारलं तरच सांगायचं, कारण सर्दीच्या काही गोळ्यांनी ते चढतं.

एक पोरगा आला आणि नमस्कार करायच्या आधी म्हणाला, "कशाची ॲलर्जी?" मी म्हटलं, "घाईची." कार्डात नव्हतं, पण राहवलं नाही. दुसरीने सगळे प्रश्न एका दमात विचारले, मी उत्तर देईपर्यंत ती पुढच्यावर. पण मजा वाटली. घाम फुटलेला असतानासुद्धा ही मुलं माणसाचं बरं व्हावं म्हणून धडपडत होती. आमच्या वेळी औषधवाला पुडी हातात द्यायचा आणि पुढचं गिऱ्हाईक बघायचा.

मारिसेल दुमलाओ नावाची एक मुलगी आहे. बुटकी, शांत, केस घट्ट बांधलेले. आईबाप फिलिपिन्सचे, पण वाढली इकडेच, दक्षिणेकडच्या कुठल्याशा छोट्या गावात. तिने सगळ्यांत कमी प्रश्न विचारले. हातातल्या कागदाकडे बघत राहिली. "दुसरी काही औषधं घेता का?" हे विचारेपर्यंत घंटा झाली. सर्दीची चुकीची गोळी माझ्या हातात ठेवून ती उभी राहिली.

सराव संपला की भूमिका सोडून, आपल्याला कसं वाटलं ते सांगायचं असतं. मी सांगितलं, "तू कागदाशी बोलत होतीस, मी उगाच मध्ये उभा होतो."

पोरगी रडेल असं वाटलं. ती म्हणाली, "सर, पुन्हा करू या?"

३ फेब्रुवारी, सोमवार

पोटात वरच्या बाजूला काहीतरी कुरतडतंय. स्टेफाच्या कोबीच्या गुंडाळ्यांना दोष दिला तर म्हणाली, "इतकी वर्षं त्याच खातोयस, आता त्या बिघडल्या?" शौचाला काळं होतंय. तिच्या बोर्श्त सूपमधल्या बीटचा रंग असणार. तिला सांगितलं नाही, उगाच बीट बंद होईल. दुकानातून ते गुलाबी औषध आणलं, पोटाला गार वाटतं त्याने. आजपासून सुरू.

स्टेफाने माझ्या वडिलांच्या पोटाचा विषय काढला. त्यांचं वेगळं होतं. मी गुरांच्या बातम्या लावल्या.

आज फ्रीसन बाईंकडून कळलं की मारिसेल गेल्या वर्षी याच परीक्षेत नापास झाली होती. मार्चमधली तिची शेवटची संधी. परत नापास झाली तर अभ्यासक्रमातूनच बाहेर, चार वर्षं पाण्यात. "पुस्तकात तिचा हात कुणी धरणार नाही," बाई म्हणाल्या, "पण समोर माणूस आला की तिची वाचा बसते."

१२ फेब्रुवारी, बुधवार

मारिसेल जादा सरावाला थांबते. बाकीचे तोतये घरी पळतात. मी थांबतो, कारण घरी गेलो की स्टेफा बर्फ उपसायला लावते आणि हल्ली थोडं उपसलं तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. वय झालं.

आज तिने कागद आणलाच नाही. मी डोकेदुखीवाला होतो. तिने विचारलं, "दुसरी काही औषधं घेता का?" कार्डावर लिहिलं होतं की हा माणूस नाही म्हणणार, कारण दुकानातून आणलेल्या गोळ्यांना तो औषध समजतच नाही. मी नाही म्हटलं. बाकी सगळी पोरं इथेच फसली होती. ती काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "बरं, मला जरा कालचा दिवस सांगा. सकाळी उठलात, मग?"

आता पंचाईत. उठलो, कॉफी घेतली, डोकं ठणकलं म्हणून गोळी घेतली, दुपारी परत, संध्याकाळी परत. विचारल्यावर सांगणं भाग होतं. गोळ्यांचा ढीग तिच्यापुढे पडला आणि त्या गोळ्याच डोकं दुखवतायत हे तिच्या लक्षात आलं.

भूमिका सोडून मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, "कुठे नाही, सर. शनिवार-रविवारी दुकानात काम करते ना. औषध घेता का विचारलं की लोक नाही म्हणतात आणि त्यांच्या पिशवीत गोळ्या खुळखुळत असतात. खोटं नाही बोलत ते. त्यांच्या हिशेबी औषध म्हणजे डॉक्टरने दिलेलं."

"मग वर्गात का नाही असं विचारत?"

"वर्गात प्रश्नांचा क्रम ठरलेला आहे. यादीत कालचा दिवस नाही."

"यादी चुलीत घाल."

हसली. पहिल्यांदाच हसताना पाहिली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काय सुधारली आहे पोरगी. आज मला छाती भरलेला म्हातारा केला होता. तिने खोकला किती दिवसांचा हे विचारलं, कफ कसा हे विचारलं, आणि मग, "आजच का आलात? काल का नाही?" म्हणजे काल आणि आजमध्ये काय बिघडलं ते तिला हवं होतं. मी चाट पडलो. बाजारात मुरलेला व्यापारी असाच प्रश्न करायचा, गाय आजच का विकतोस?

शेवटी तिने मला औषध दिलं नाही. डॉक्टरकडे जा म्हणाली, पण मला हाकलल्यासारखं वाटलं नाही. का जायचं, आज जायचं की उद्या चालेल, काय झालं तर थांबायचं नाही, सगळं नीट सांगितलं आणि मग माझ्याकडून वदवून घेतलं. "मी बोलले ते बरोबर सांगितलं का, ते बघायचंय मला," म्हणाली. तुमची परीक्षा नाही, माझी आहे, असं.

मी फ्रीसन बाईंना म्हटलं, ही मुलगी आमच्या पेठेत उभी राहिली तर मी घरच्या फडताळातली सगळी औषधं तिला दाखवायला घेऊन जाईन. बाई म्हणाल्या, "मग न्या की." मी विषय बदलला. माझ्या फडताळात विशेष काही नाही. गुडघ्याच्या गोळ्या, हृदयासाठी ती छोटी ॲस्पिरिन, जी माझा मेहुणा घेतो म्हणून मीही घेतो, आणि गुलाबी बाटली. यातली एक संपली, दुसरी आणली आहे.

७ मार्च, शुक्रवार

मारिसेलने जेवणाचा डबा आणला होता, भात आणि आंबटसर कोंबडी. मला आग्रह केला. दोन घास खाल्ले आणि डबा परत केला. "आवडलं नाही?" "आवडलं. भूक नाही." तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी म्हटलं, "आता माझा सराव नको करूस." म्हणाली, "सॉरी, सर. सवय लागलीय."

स्टेफा म्हणते माझी पँट सैल झाली आहे. बरंच झालं की.

२१ मार्च, शुक्रवार

उद्या परीक्षा. माझं कार्ड मिळालं. मिस्टर कोल, वय अठ्ठावन्न, तिखट खाल्लं की अधूनमधून छातीत जळजळ. इतर तक्रार नाही. इतर औषधं नाहीत. सगळ्यांत सोपं. आम्ल कमी करणारं साधं औषध द्यायचं, जेवून लगेच आडवे होऊ नका सांगायचं, दोन आठवड्यांत कमी नाही झालं तर डॉक्टर. झालं.

परीक्षेत खोलीत दुसरं कुणी नसतं. गुण तोतयानेच द्यायचे, घंटा झाल्याबरोबर. बाई म्हणतात, समोरच्या माणसाला काय मिळालं हे त्या माणसालाच कळतं. मारिसेल माझ्याकडे येणार आहे. बोललो काही नाही, पण मला आनंद झाला. असली सोपी जळजळ तिच्यासाठी म्हणजे देवानेच पाठवलेली.

२२ मार्च, शनिवार

डोकं भणभणतंय. सरळ लिहून काढतो.

सकाळपासून उभ्याने जळजळ सांगत होतो. मुलं चांगली तयार होऊन आली होती. घाईवाल्या पोराने तर आधी माझी चौकशी केली, मग आजाराची. एकामागून एक पास करत गेलो. दुपारनंतर अंगातलं त्राण गेलं, खुर्ची मागून घेतली. मिस्टर कोल बसला तर काय बिघडतं?

मारिसेल आली. नमस्कार केला, नाव सांगितलं. मी म्हटलं, जेवलं की जळजळतं, काहीतरी द्या. किती दिवसांपासून, कुठे, कशाने वाढतं, सगळं सुरेख विचारलं. दुसरी औषधं? नाही म्हटलं, कार्डाप्रमाणे. मग कोपरं टेकली आणि म्हणाली, "कालचा दिवस सांगता?"

मी सांगितला. उठलो, कॉफीबरोबर छोटी ॲस्पिरिन, नाश्त्यानंतर गुडघ्यासाठी दोन, दुपारी दोन, मग पोट कुरतडायला लागलं म्हणून गुलाबी औषध, झोपताना पुन्हा. कसं अगदी सहज तोंडातून आलं. भूमिका अंगात भिनणं म्हणतात ते हेच.

तिचा चेहरा बदलला. शौचाचा रंग विचारला. काळा. "गुलाबी औषधाने काळा होतो रंग," ती म्हणाली, "पण आधी काय झालं? औषध सुरू केलं ते, की रंग बदलला तो?" रंग आधी, मी म्हटलं. जिना चढताना? धाप लागते. उभं राहिल्यावर? अंधारी येते.

मग ती मला म्हणाली, "मी आज तुम्हाला काहीही देणार नाही. या गोळ्यांनी पोटात जखम होऊन रक्त जात असावं असं मला वाटतंय. गोळ्या बंद. आजच इमर्जन्सीत जायचं. गाडी तुम्ही चालवायची नाही. बाटल्या सोबत न्यायच्या."

मी कपाळाला हात लावणार होतो. साध्या जळजळीला इमर्जन्सी. तरी मी भूमिकेत राहून कुरकुरलो, इतकं काय झालंय? तेव्हा तिने जे केलं ते परीक्षेत कुणी करत नाही. काउंटरच्या मागून बाहेर आली, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "सर, आता मी मिस्टर कोलशी बोलत नाही. तुमच्याशी बोलतेय. मिस्टर बाबियाक, तुमची नखं बघा. ओठ बघा. माझं काय व्हायचं ते होऊ द्या, पण आज घरी जाऊ नका."

घंटा झाली.

गुण द्यायचे होते. योग्य औषध सुचवलं? नाही. रुग्णाला विनाकारण घाबरवलं? हो. भूमिका सोडली? हो. हात जड झाला होता, पण खाडाखोड केली नाही. माझा अभिनय इतका खरा उतरला की बिचारी फसली, हे तिचं दुर्दैव. मी काय करू? जरा कमी चांगला करायला हवा होता.

घरी येऊन नखं पाहिली. घरच्या दिव्याखाली कुणाचीही पांढरीच दिसतील.

२३ मार्च, रविवार

सकाळी फ्रीसन बाईंचा फोन. "मिस्टर बाबियाक, तुम्ही एकच विद्यार्थिनी नापास केली आहे. तिची ही शेवटची संधी होती, म्हणून विचारते. कार्डाबाहेरचं काही तुमच्याकडून गेलं का?"

"माझ्याकडून?" मी म्हटलं. "बाई, मी जन्मात कधी चुकीचा भाव पुकारला नाही."

"मग ठीक," बाई म्हणाल्या. आवाज पडलेला होता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

जेवताना स्टेफाला सगळा प्रसंग करून दाखवला, माझं बोलणं, पोरीचं बोलणं. ती हसेल म्हणून मी जरा रंगवूनच सांगत होतो. तिने चमचा खाली ठेवला.

"काळा रंग कुणाचा, ओरेस्ट?"

"मिस्टर कोलचा."

"कार्ड आण."

आणलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. इतर औषधं नाहीत. इतर तक्रार नाही. रंगाचं तर अवाक्षरही नाही.

"मिस्टर कोलला गुडघा आहे का रे?" स्टेफा म्हणाली. "माझ्या भावाचं बघून ॲस्पिरिन तो घेतो का? त्या मुलीने तुला तुझा कालचा दिवस विचारला आणि तू तो तिला सांगितलास. मला इतकी वर्षं विचारून सांगत नाहीस."

मी काहीतरी बोलायला उठलो आणि टेबल धरलं. तिने फडताळ उघडून बाटल्या पिशवीत टाकल्या. गुलाबी बाटल्या निघत गेल्या तसा तिचा चेहरा कसा होत गेला ते मी लिहीत नाही. "कोट घाल," म्हणाली. "गाडी मी चालवते."

२६ मार्च, बुधवार

रुग्णालय. हातात सुई आहे, अक्षर वेडंवाकडं येतंय. पोटात जखम होती, हळूहळू झिरपत होती, मी आलो त्या रात्री जोरात वाहायला लागली. नळी घालून बंद केली. दुसऱ्यांचं रक्त अंगात गेलं. डॉक्टरणीने बाटल्या एका ओळीत मांडल्या आणि म्हणाली, "ही, ही आणि ही, तिन्ही एकत्र? गुलाबीतसुद्धा ॲस्पिरिनचाच भाऊबंद असतो, माहीत आहे ना?" मला कुठलं माहीत असणार. मी आपला माझाच डॉक्टर.

"घरी झोपला असतात तर अवघड होतं," ती म्हणाली. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

"फार्मसीची विद्यार्थिनी आहे एक."

"हुशार दिसते. तिला आमच्यातर्फे शाबासकी सांगा."

"नापास झालीय," मी म्हटलं. "मी केली."

डॉक्टरणीला वाटलं मला ताप चढला आहे. तिने कपाळाला हात लावून पाहिला.

तिची पाठ वळल्याबरोबर स्टेफाकडून फोन घेतला आणि फ्रीसन बाईंना सगळं सांगितलं. कार्ड सोडून मी माझंच पोट सांगितलं. वर रविवारी तुमच्याशी छातीठोकपणे खोटं बोललो, खोटं आहे हे मला माहीत नव्हतं एवढंच. बाई म्हणाल्या, "ती काहीच बोलली नाही. आम्ही विचारलं, रुग्णाने कार्डाबाहेर सांगितलं का? तर म्हणाली, त्यांनी जे सांगितलं त्यावर मी सल्ला दिला. तुमचं नाव घेतलं नाही."

निकाल वर गेला आहे. तो फिरवायला समिती बसवावी लागेल. पुढच्या गुरुवारी. म्हटलं, मी येतो. स्टेफा म्हणाली, अंथरुणातून उठायचं नाही. मी म्हटलं, मग अंथरूण घेऊन जाऊ.

३ एप्रिल, गुरुवार

अंथरूण न्यावं लागलं नाही. स्टेफाने हात धरून नेलं.

समिती म्हणजे फ्रीसन बाई, आणखी दोन प्राध्यापक आणि लांबलचक टेबल. मारिसेल टोकाला बसली होती, केस तसेच घट्ट. माझ्याकडे पाहून तिने आधी माझे ओठ पाहिले, मग मान हलवली, म्हणजे रंग बरा आहे.

मी उभं राहून सांगितलं. भाषण पाठ केलं होतं, पण निम्म्यात विसरलो. एवढंच म्हणालो, की खाली माझी सही आहे आणि त्यावरचं सगळं चूक आहे. या मुलीने मला वाचवलं आणि मी तिला बुडवलं. परीक्षा जिची व्हायची तिची झाली, पास झाली, आता तुमच्या कागदाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

त्यातला टकला प्राध्यापक अडून बसला. "सल्ला बरोबर निघाला, मान्य. पण तेव्हा तिला काय माहीत? रुग्ण खोटा आहे, हे तिला माहीत होतं. चांगला नट आजारी दिसूही शकतो. तू भूमिका सोडलीस, दुमलाओ. कशाच्या आधारावर? नखं?"

"नखं नंतर बघितली, सर," मारिसेल म्हणाली.

"मग?"

ती माझ्याकडे बघेना. टेबलाकडे बघत बोलली, पण आवाज ठाम होता. "मिस्टर बाबियाक आमच्याकडचे सगळ्यांत चांगले रुग्ण आहेत. काही सुटू देत नाहीत. प्रश्न पुरा होईपर्यंत थांबतात, मग मोजून उत्तर देतात. जानेवारीपासून मी त्यांच्याबरोबर सराव करतेय, एकदाही घाई केली नाही त्यांनी. त्या दिवशी मी रंगाचं विचारत होते. माझा प्रश्न अर्धाच झाला होता, त्यांनी उत्तर दिलं. धापेचं विचारलं, तेही अर्ध्यावरच. नट असं करत नाही. ते मला फसवत नव्हते. कुणीतरी हे विचारावं म्हणून वाट बघत होते."

फ्रीसन बाईंनी चष्मा काढून पुसला. स्टेफाचा हात माझ्या हातात होता, तो तिने घट्ट दाबला.

मला वाटलं होतं मी अभिनय करत होतो. मग वाटलं, बेसावधपणे सांगून गेलो. ही पोरगी म्हणते ते त्याहून खरं आहे. मी घाबरलो होतो. पहिल्यांदा काळं दिसलं त्या दिवसापासून घाबरलो होतो आणि ते मी बायकोला सांगितलं नाही, डॉक्टरला नाही, इथे लिहितानासुद्धा बीटवर ढकललं.

बाहेर बसायला सांगितलं. फार वेळ लागला नाही. मारिसेल पास. मला यापुढे रुग्ण म्हणून घेणार नाहीत, ते बाईंनी जरा चाचरत सांगितलं. मी म्हटलं, बरोबर आहे, मी खोटा राहिलो नाही.

मारिसेल जिन्यापर्यंत आली. मला पुष्कळ बोलायचं होतं, आभार, माफी, सगळं. ती तशीच थांबून राहिली, घाई न करता, काउंटरवर थांबते तशी. शेवटी मी म्हटलं, "मारिसेल, मला भीती वाटत होती."

"हो, सर," ती म्हणाली. मग स्टेफाला म्हणाली, "जिना हळू उतरवा त्यांना."